दादांच्या बारवांचं पान

“पण बाई, फ्रेमवर्क कोणतं धरू, तेवढं सांगा. पुढचं माझं मी बघतो.”

यशोधन कारखानीस म्हणजे बँकांचे प्रोग्राम लिहिण्यात मुरलेला माणूस. वेबसाइट करायला शिकायचं म्हणून साताऱ्यात सबनीस बाईंच्या क्लासला आला होता. आम्ही बाकीचे अजून पानाचा रंग बदलण्यात अडकलेले, आणि हा पहिल्याच दिवशी बाईंची परीक्षा घेत होता. मला तर त्याचा रागच आला.

“वेबसाइट कशाची करायचीय?” बाईंनी विचारलं.

“आमच्या दादांची. थोरले भाऊ. त्यांनीच वाढवलं मला. सायकलवरून तालुकाभर हिंडून त्यांनी बारवांवर लिहिलंय. पायऱ्यांच्या जुन्या विहिरी हो. ते सगळं इंटरनेटवर टाकायचंय.”

“मग टाक की.”

“तसं कसं, बाई? पाया पक्का नको? उद्या हजारो लोक आले तर? मी उभारलं, पाडलं, परत उभारलं. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा, आणि दरवेळी आधीच्यापेक्षा चांगला बाजारात येतो.”

“आणि दादा?”

“ते दर रविवारी फोन करायचे. झालं का रे, मला एकदा बघू दे म्हणायचे. मी म्हणायचो, दादा, घाई करू नका.”

“करायचे?”

“आता विचारत नाहीत. काचबिंदू. दिवाळीपासून काहीच दिसत नाही त्यांना.”

माझा राग कुठल्या कुठे गेला.

“जेवढं झालंय तेवढं दाखव,” बाई म्हणाल्या.

त्यानं पहिलं पान उघडलं. खरं सांगतो, देखणं होतं. आमच्यातल्या दोघीतिघी तर खुर्च्या ओढून जवळ आल्या.

आंधळ्या माणसांसाठी कॉम्प्युटरमध्ये वाचून दाखवणारा आवाज असतो. बाईंनी तो सुरू केला. मग हात पुढे करून स्क्रीन बंद केली.

“हं. आता दाखव.”

“बंद स्क्रीनवर काय दाखवू?”

बाईंनी कीबोर्डकडे बोट केलं.

त्यानं कळ दाबली.

“चित्र,” आवाज म्हणाला.

पुन्हा दाबली.

“बटण. बटण. चित्र. चित्र.”

बारवांची नावं त्यानं वळणदार अक्षरांत चित्रांवरच काढली होती. त्या आवाजाला लिहिलेलं वाचता येतं, चित्रात काढलेलं नाही. एवढा मुरलेला माणूस, पण हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. एकाही बारवेचं नाव ऐकू आलं नाही.

यशोधनने कीबोर्डवरून हात काढून घेतले.

“त्यांना दिसत होतं तेव्हा नुसता मजकूर टाकला असता तरी... तरी त्यांनी अख्ख्या गावाला दाखवलं असतं हो. एका दुपारचं काम होतं, बाई.”

“होतं,” बाई म्हणाल्या.

समजूत घालायलासुद्धा दुसरा शब्द काढला नाही त्यांनी. तो रडायला लागला. बाईंनी त्याला रडू दिलं.

मग बंद स्क्रीनपुढेच, सवयीच्या बोटांनी, त्यांनी एक कोरं पान उघडलं आणि कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला.

त्यानं डोळे पुसले. साधा मथळा लिहिला, खाली दादांचा पहिला परिच्छेद. तोंडपाठ होता त्याला. रंग नाही, चित्र नाही, सांगाडा तर नाहीच. कळ दाबली.

“मळवीची बारव,” आवाज वाचू लागला. “हिचं पाणी प्यायचं तर शेवटच्या पायरीपर्यंत उतरावं लागतं. मी धाकट्याला खांद्यावर घेऊन उतरलो होतो...”

परिच्छेद संपला.

यशोधनचा हात आपसूक स्क्रीनच्या बटणाकडे गेला.

“बाई, दिसतंय कसं?”

बाईंनी त्याचा हात मध्येच धरला.

“कुणाला?”