पाणी कधी सोडणार?

एकदा एक नदी दोन राज्यांतून वाहत होती, आणि एवढाच तिचा अपराध होता. वरच्या राज्याने धरण बांधले, खालच्याने आरडाओरडा केला, आणि पाण्याच्या वाट्यावरून नऊ वर्षे बैठका झडल्या. दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकले तर कमीपणा येतो, म्हणून दर उन्हाळ्यात बैठकीचा मांडव सीमेवरच्या कोरड्या पात्रात, बरोबर मधोमध पडायचा. मान सांभाळावा तर असा!

दहाव्या वर्षी मध्यस्थ म्हणून एका वृद्ध आचार्यांना बोलावले. शिष्यासह ते खालच्या राज्यातून येत असताना गिरजा नावाच्या बाईने त्यांचे पाय धरले. ती नदीच्या वाळूत कलिंगडाची वाडी करायची. मागच्या उन्हाळ्यात वरून न सांगता पाणी सोडले आणि वाडीसकट तिचा नवरा वाहून गेला.

"महाराज, किती पानी द्यायचं ते मोठ्यांनी ठरवावं. सोडायच्या आदल्या दिशी फकस्त सांगा म्हनावं. माझ्या दोन पोरी वाळूतच राबत्यात."

आचार्य मांडवापाशी आले, पण आत न जाता उंच काठावर घोंगडी टाकून बसले. शिष्य ओशाळला. "गुरुजी, दोन्ही प्रधान खोळंबलेत."

"वरच्या प्रधानांना सांग, आज पाणी सोडणार नाही असे लिहून द्या. मगच मी पात्रात उतरेन."

निरोप ऐकून वरचे प्रधान हसले. "आम्हीच इथे बसलोय, सोडू कसे?" तरी म्हाताऱ्याच्या समाधानासाठी त्यांनी दोन ओळी लिहून शिक्का मारला.

आचार्य कागद घेऊन खाली आले. "असाच कागद वाडीवाल्यांना का जात नाही?"

वरचे प्रधान म्हणाले, "धरणाची माहिती गुप्त असते. शत्रूला कशी द्यायची?"

खालचा प्रधान उसळला. "ऐकलंत? गेल्या वर्षी आमची अकरा माणसे बुडाली. त्यावरच तर आम्ही वाटा वाढवून मागतोय!"

आचार्यांचा आवाज चढला. "लाज वाटू द्या दोघांनाही! एकाने माणसे बुडवली, दुसऱ्याने त्या मढ्यांवर मागणी मांडली. तुमचा जीव वाळूत होता तेव्हा कागद दोन ओळींत झाला; वाडीवाल्यांचा होता तेव्हा तो गुप्त! पाणी किती, यावर शंभर वर्षे भांडा. पाणी कधी, हे सांगायला तह लागत नाही."

वरच्या प्रधानांनी दौत पुढे ओढली आणि लिहिले: पाणी सोडण्याच्या आदल्या दिवशी नदीकाठच्या प्रत्येक गावात दवंडी पिटली जाईल. खालच्याने मुकाट्याने सही केली. वाट्याचा प्रश्न तसाच राहिला.

कागद घेऊन शिष्य गिरजेच्या वाडीकडे निघाला. एकच ओळ होती, वाटेत त्याने ती पुन्हा पुन्हा वाचली. एवढ्याशा ओळीवाचून अकरा माणसे गेली होती. गुरूंचा राग त्याला तेव्हा समजला.