खालच्या डोहाकाठी हाडं का नव्हती?

फार जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हा प्राणी बोलत असत आणि त्याहून नवलाचं म्हणजे, कधीकधी दुसऱ्याचं ऐकतही असत.

एका रानात मोठ्या वडाखाली मोजणीची शाळा भरे. गुरुजी होते एक म्हातारं कासव. काय मोजायचं, कसं मोजायचं आणि मोजलेल्यावरून अंदाज कसा बांधायचा, एवढंच ते शिकवत. घाई त्यांना कशाचीच नव्हती, त्यामुळे शिष्य कंटाळत, पण शिकत.

शाळेची एक रीत होती. शिक्षण संपत आलं की शिष्याने रानातल्या कुणाची तरी खरीखुरी अडचण घ्यायची आणि मोजमाप करून तिचं उत्तर काढायचं. मग ज्याची अडचण त्याने शाळेत येऊन, सगळ्यांसमोर, काम कसं झालं ते सांगायचं. ‘समाधान झालं’ असं तो म्हणाला की शिष्याला वडाच्या वरच्या फांदीवर बसायचा मान मिळे. नाही म्हणाला तर आणखी एक वर्ष खाली धुळीत.

त्या वर्षी खारीची पाळी आली. तिच्याकडे आली हरणांच्या कळपाची म्होरकी, एक म्हातारी हरिणी.

“पोरी, आमच्या रानात दोन पाणवठे,” ती म्हणाली. “वरचं तळं आणि खालचा डोह. वरच्या तळ्यावर बिबट्या टपून बसतो. खालच्या डोहावर जावं का आम्ही? पाडसं लहान आहेत गं, म्हणून विचारते.”

खार कामाला लागली. दोन्ही पाणवठ्यांचा काठ तिने पालथा घातला. वरच्या तळ्याकाठी हरणांची हाडं जागोजागी पडली होती. खालच्या डोहाकाठी एकही हाड नव्हतं. तिने पुन्हा पाहिलं, गवत बाजूला करून पाहिलं. काठ अगदी स्वच्छ होता.

“खालचा डोह सुरक्षित आहे,” तिने हरिणीला सांगितलं. मग हाडं कशी शोधली, कशी मोजली, कुठल्या दगडापासून कुठल्या दगडापर्यंत, हे सगळं तिने इतकं भरभरून सांगितलं की हरिणी नुसती मान हलवत राहिली. मान हलली म्हणजे सगळं पटलं, असं खारीला वाटलं. शिकलेल्यांना असं फार लवकर वाटतं.

शेवटचा दिवस उजाडला. वडाखाली सगळी शाळा जमली. हरिणी आली.

“समाधान झालं का?” कासवगुरुजींनी विचारलं.

“झालं की! फार मेहनत घेतली हो पोरीने. आज संध्याकाळीच कळप घेऊन डोहावर जाते,” हरिणी म्हणाली.

शिष्यांनी एकच गलका केला. खारीची शेपूट आनंदाने फुलली. पण खार मूळची चौकस. हरिणी ‘जाते’ म्हणाली आणि तिचा पुढचा पाय मात्र मागे सरला, हे तिने पाहिलं. आता ते डोक्यातून जाईना.

“आजी,” ती म्हणाली, “माझं काही पटलं नाही का तुम्हाला?”

“अगं, गप्प बस ना!” शेजारचा सरडा फिसकारला. “मिळतेय फांदी तर चढ गुमान!”

खारीला फांदी हवीच होती. वर्षभर तिने दुसरं कशाचं स्वप्न पाहिलं नव्हतं. तरी तिने पुन्हा विचारलं, “सांगा ना आजी. मला राग नाही येणार.”

हरिणी अवघडली. “तसं काही नाही गं. तू एवढी शिकलेली, मी काय बोलणार? आमची एक सून गेली होती त्या डोहावर. परत आली नाही. दुसऱ्या कळपात गेली असेल म्हणतात सगळे. आणि तिथे हाडं नाहीत हे तू स्वतः पाहिलंस. मग उगाच तुझं मन कशाला मोडायचं?”

“परत आली नाही, आणि हाडंही नाहीत,” ती स्वतःशीच पुटपुटली. “मग ती गेली कुठे?” आणि एकदम ओरडली, “गुरुजी, मी काठ मोजला! पाणी मोजलंच नाही!”

ती धावत सुटली आणि मागोमाग सगळी शाळा. डोहावर कवठाची एक फांदी ओणवी झाली होती. खार तिच्या टोकाशी गेली आणि तिथलं एक कवठ देठाशी कुरतडून तिने पाण्यात पाडलं. बुळुक् असा आवाज झाला. त्याबरोबर डोहात तरंगणारा एक ओंडका वळला, त्याला डोळे फुटले आणि भलाथोरला जबडा उघडून त्याने कवठ गिळलं. ती मगर होती. बिबट्या शिकार काठावर खातो म्हणून हाडं मागे उरतात. मगर शिकार पाण्यात ओढून नेते, मागे काहीच उरत नाही.

हरिणी पाडसांच्या विचाराने रडू लागली. खारीलाही रडू आवरेना.

“आजी, आता खरं सांगा. समाधान झालं का?” गुरुजींनी विचारलं.

“उत्तराने नाही झालं,” हरिणी डोळे पुसत म्हणाली. “हिने पुन्हा विचारलं, त्याने झालं.”

रीत ती रीत. उत्तर चुकलं होतं, म्हणून खार आणखी एक वर्ष खालीच बसली. त्या वर्षात तिने वरच्या तळ्यावर बिबट्या कधी येतो ते नीट पाहून ठेवलं, आणि तो फिरकत नाही अशा भरदुपारी हरणं तिथेच, वानरांच्या पहाऱ्यात पाणी पिऊ लागली. पाडसं मोठी झाली.

गुरुजींनी मात्र शाळेचा प्रश्न बदलला. ‘समाधान झालं का?’ असं तिथे पुन्हा कुणी विचारलं नाही. शिष्यच पुढे होऊन विचारू लागला, ‘माझ्या कामात काय राहिलं?’

तात्पर्य : आपल्या कामाची स्तुती ऐकून थांबू नये, समोरच्याच्या मनात अडलेली शंका आपणहून विचारून घ्यावी.