लोकरपान आणि चोपदाराचे नाव

ही गोष्ट मला नीट आठवते आहे, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. मावशीने ती सांगितली तेव्हा मी नऊ वर्षांचा असेन, किंवा दहा. पक्षी काळा होता हे नक्की. चोच पिवळी होती हे बहुधा. मधले दोन-तीन सांधे मीच जुळवलेले असतील. ते कोणते, हे आता मलाही ओळखता येत नाही.

एका राज्यात एक राजा होता आणि त्याला नावे लक्षात ठेवण्याचा कंटाळा होता. एकदा दरबारात एक जादूगार आला. चोपदाराने दारातून त्याचे नाव पुकारले. राजाने विचारले, "काय नाव म्हणालात?" त्याने सांगितले. भोजन झाल्यावर राजाने पुन्हा विचारले. निरोपाचा विडा देताना तिसऱ्यांदा विचारले.

जादूगार म्हणाला, "महाराज, हा त्रास आपल्याला फार दिवस पडणार नाही. उद्यापासून रोज सूर्योदयाला आपण एक नाव विसराल. ते सगळ्यांच्या जिभेवरून पुसले जाईल, आणि ज्याचे असेल तो दगड होईल."

"आणि उपाय?" राणीने विचारले.

"उत्तरेच्या डोंगरावर, झाडे संपतात त्याच्याही वर, लोकरपान नावाचे झुडूप आहे. त्याचे पान राजाने चावावे, आणि विसरलेले नाव कोणीतरी त्याच्या कानात सांगावे. पहिले हिम पडले की मग दगड तो दगडच."

राणी हुशार होती. ताजे ऐकलेले नाव राजा विसरणार कसा? तिने चोपदाराला आज्ञा केली. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाआधी त्याने राज्यातल्या झाडून साऱ्यांची नावे पुकारली. एकच राहिले. चोपदाराने स्वतःचे नाव पुकारावे अशी रीतच नव्हती.

सूर्य उगवला. चोपदार चांदीची काठी हातात धरून दारातच दगड झाला.

साऱ्यांची नावे पाठ असलेला तो एकटाच. त्यानंतर रोज एक माणूस दगड होऊ लागला. राणीने लोकरपान आणायला तीन घोडेस्वार पाठवले. ते परतले नाहीत. तेव्हा चोपदाराची बायको सगुणा निघाली. सासू उंबऱ्यात बसून होती. लेकाला हाक मारायला ती दिवसभर तोंड उघडी आणि नाव नसल्यामुळे मिटून घेई.

"जाते, आत्याबाई," सगुणा म्हणाली.

"जा. पायात काहीतरी घाल. तुझं लक्ष नसतं."

नवव्या दिवशी सगुणा डोंगरावर पोहोचली. एका खडकावर पिवळ्या चोचीचा काळा पक्षी बसला होता. त्याच्यामागे तीन दगडी घोडेस्वार उभे होते. तिघांच्या मुठीत वाळलेली झुडपे, खाली मुळ्या लोंबत होत्या.

"हे असे कसे झाले?" तिने विचारले.

"मुळासकट उपटली," पक्षी म्हणाला. "राजाला अर्धी वस्तू देत नाहीत म्हणे. फळ देठासकट, मासा शेपटीसकट. मूळ हलले की झुडूप स्वतःला विसरते, आणि उपटणाराही. तुला काय पाहिजे?"

"एक दांडा."

"तीन कामे कर. त्या तळ्याचे पाणी पदरातून आणून झुडपाला घाल."

सगुणाने पदर तळ्यात बुडवला आणि वाऱ्यावर धरला. पदराचे बर्फ झाले. ते तिने झुडपाशी ठेवले आणि वितळेपर्यंत थांबली.

"आता डोळे मीट. ही तीन झुडपे. लोकर तिन्हींना आहे, निळी फुले तिन्हींना आहेत. खरे कोणते?"

तिने एकेक दांडा चिमटीत फिरवला. दोन गोल फिरले. तिसरा चौकोनी होता, फिरेना; स्वारांच्या मुठीतले दांडेही तिने चौकोनीच पाहिले होते. "हे," ती म्हणाली.

"आता काप. पण लोखंड लावायचे नाही, आणि मूळ हलता कामा नये."

सगुणा पालथी झोपली. दोन्ही हातांनी तिने बुंध्याभोवतीची माती दाबून धरली आणि दांडा दातांनी तोडला. तोंड कडू झाले.

"चुळा भरायला तळे आहे," पक्षी म्हणाला.

ती परतली तेव्हा आभाळ हिमाने भरून आले होते. दरबारात माणसांपेक्षा दगड जास्त होते. राजाने पान चावले आणि कान पुढे केला. राणीने विचारले, "चोपदाराचे नाव कोणाला येते?"

कोणालाच येईना. ज्याने ज्याने ते घेतले होते, त्याच्या जिभेवरून ते पुसले गेले होते. सगुणाने मात्र ते जिभेवर कधी आणलेच नव्हते. त्या राज्यात बायका नवऱ्याचे नाव घेत नसत; उखाण्यातसुद्धा हुद्दाच घालत. नाव तिच्यापाशी जसेच्या तसे होते.

"मला येते," ती म्हणाली, आणि थांबली. समोर सासू उभी होती. अख्खा दरबार बघत होता.

"घे," सासू म्हणाली.

"आत्याबाई, नाव घेऊ? आपल्यादेखत?"

"मी मेली बहिरी आहे. घे लवकर, बाहेर गार पडायला लागलंय."

सगुणा राजाच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "हैबती."

दारातला दगड खाकरला.

दगड झाला तेव्हा चोपदाराची जीभही दगडच होती, म्हणून पुढची नावे तिच्यावरून पुसली गेली नव्हती. हैबती येऊन राजाच्या कानाशी उभा राहिला आणि एकेक नाव सांगत गेला. प्रधान उठला, आचारी उठला, डोंगरावरचे तीन स्वार उठून वाट उतरू लागले. सर्वांत शेवटी त्याने जादूगाराचे नाव सांगितले. राजाने ते स्वतः, मोठ्याने, पुन्हा म्हटले. शाप सुटला. मग हिम पडले, आणि पडू दिले.

"भाकरी गार झाली असेल," हैबती घरी आल्यावर म्हणाला.

"काय म्हणालास?" सासू म्हणाली. "हैबती, हैबती, मोठ्यानं बोल. मी बहिरी आहे."

तेव्हापासून त्या दरबारात सकाळी पहिले नाव चोपदाराचे पुकारले जाते, आणि ते राजा पुकारतो.

तोडलेल्या झुडपाचे पुढे काय झाले, ते मावशीने सांगितले नाही आणि मला विचारायचे सुचले नाही. पुष्कळ वर्षांनी हिमालयातल्या एका उंच कुरणात निळ्या फुलांचे, लोकरीच्या पानांचे, तुळशीच्या कुळातले सेज नावाचे रानटी झुडूप मला दिसले. माझ्यासमोर एका मेंढपाळाने ते जमिनीसरशी कापून नेले. जागा लक्षात राहणार नाही म्हणून मी तिथे तीन दगड रचले. पुढच्या वर्षी आषाढात परत गेलो. त्याच बुंध्यातून सात दांडे वर आले होते. मी दोनदा मोजले.