रुखवतातली पुस्तकं

"उचला म्हणतो ना ती! पुस्तकं मांडून आमची शोभा करता काय?" नवऱ्या मुलाचे थोरले काका आबासाहेब कार्यालयात सगळ्यांना ऐकू जाईल असे गरजले. "माझ्या मेघनाच्या रुखवतात दोन दारांचा फ्रीज होता, फ्रीज! लोक अजून नाव काढतात."

लाडवांच्या मनोऱ्याशेजारी ती पुस्तकं मांडली होती चंद्राआत्यानं. भाचीची आवड बघून एकेक निवडलेली. आज ती मागे राहिली, तर पुन्हा शर्वरीच्या सासरचा उंबरा ओलांडणार नाहीत, हे आत्याला कळत होतं आणि हिरव्या शालूत घामेजलेल्या त्या भाचीलाही.

"का हो, वाईट काय त्यांत?" आत्यानं पदर खोचला.

"आत्याबाई, रिवाज ठाऊक नाही तुम्हाला." आबासाहेबांनी चारचौघांकडे बघत मिशीवरून हात फिरवला. "रुखवतात मुलीनं आपल्या हातानं केलेलंच मांडायचं असतं. विकतचं चालत नाही. ही काय हिनं लिहिलीत?"

मुलीकडच्या बायका खाली बघायला लागल्या. आत्या मात्र हसली.

पुस्तकं जागची हलली नाहीत. शर्वरीचा जीव भांड्यात पडला आणि आबासाहेबांना एकाएकी पंगतीची काळजी लागून ते तिकडं निघाले. हे सगळं झालं आत्याच्या एका वाक्यानं. ती अगदी गोडीत म्हणाली होती,

"बरोबर आहे तुमचं आबासाहेब, फक्त एवढं सांगा, मेघनानं तो फ्रीज सुयांवर विणला होता की क्रोशावर?"