डाळिंबाचा हिरवा

“...पण बाबा, जे झाडापासून आलं, त्यानं कुणाचं वाईट कसं होईल?”

लतीफबाबा तकियाच्या, म्हणजे आपल्या फकिरी मठीच्या, ओसरीवर बसून पायात मोडलेला बाभळीचा काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“वाईट झालं असं कोण म्हणालं?”

“कुणी नाही,” मुकुंद म्हणाला. “मी आपलं विचारतोय.”

“हं.”

काटा निघेना. बाबांनी टाच उन्हाकडे वळवली.

“आज गुरुवार नाही, मुकुंदा.”

“नाही.”

“मग आज कसा आलास?”

मुकुंद ओसरीच्या कडेला अर्धवट टेकला. बसणारा माणूस असा टेकत नाही, उठून पळायचं असलेला टेकतो.

मुकुंद हंचाटे रंगाऱ्याच्या घरातला. आजा कापड रंगवायचा, बापाच्या काळात तो धंदा बसला, आणि मुकुंदने पुण्याची नोकरी सोडून तो पुन्हा उभा केला. खैरेवाडीच्या शिवारात डाळिंबं उदंड. डाळिंबाची साल, हिरडा, हळद, मंजिष्ठा, असं सगळं उकळून तो सुती कापड रंगवायचा. ओढ्याच्या वरच्या अंगाला त्याची शेड होती. गावातल्या पुष्कळ बायांना तिथे काम मिळालं होतं. कापड मोठ्या शहरांतल्या दुकानांत जायचं, आणि प्रत्येक कापडाला एक चिठ्ठी लावलेली असायची: ‘मातीतून आलं, मातीत जाईल.’

ते वाक्य त्याला स्वतःलाच सुचलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ते ऐकवायचा. वडिलांचं बोट धरून लहानपणापासून तो या तकियात येत होता, म्हणून बाबांनाही त्याने ते मोठ्या कौतुकाने ऐकवलं होतं.

“चांगलं आहे,” बाबा तेव्हा म्हणाले होते. “आणि मधल्या वेळात ते कुठे असतं?”

मुकुंद हसला होता. फकिराला धंद्यातलं काय कळणार, असं त्याच्या मनात येऊन गेलं होतं.

आज त्याला हसू येत नव्हतं.

सकाळी गावाखालच्या डोहात मासे मरून वर आले होते. पांढरी पोटं वर करून सगळा डोह भरला होता. बघता बघता गाव जमलं आणि बोट गेलं ते सिदराम लवट्याकडे. डोहाला लागूनच त्याची द्राक्षबाग. बागेवर मोरचूद फवारतात आणि तो पाण्यात उतरला की मासे मरतात हे सगळ्यांना ठाऊक, आणि फवारणीचा ड्रम तो डोहाच्या काठाला धुतो हे पुष्कळांनी पाहिलेलं. संध्याकाळी चावडीवर बैठक ठरली. सिदरामच्या बागेची पाण्याची पाळी तोडायची, असं लोक आताच बोलत होते.

शेडमधल्या बाया हे एकमेकींना सांगत होत्या, तेव्हा मुकुंद शेजारी उभा होता. हातातलं काम टाकून तो शेडबाहेर पडला.

कारण मोरचूद त्याच्याकडेही होता.

डाळिंबाच्या सालीतून नुसता पिवळा निघतो. त्यात मोरचुदाचे निळे खडे विरघळवले की तोच पिवळा मेंदीच्या पानासारखा हिरवा होतो, आणि धुतला तरी उतरत नाही. गिऱ्हाइकांना त्याचा तो हिरवा फार आवडायचा. हे खडेसुद्धा मातीतलेच की, असं मुकुंदने स्वतःला कधीच पटवून ठेवलं होतं. वापरलेलं पाणी शेडमागच्या खड्ड्यात साठायचं आणि उन्हात आटायचं.

उद्या एका बड्या कंपनीची माणसं शेड बघायला येणार होती. माल पर्यावरणाला धरून आहे, असा दाखला ती देणार होती. तो निळसर, घाण खड्डा त्यांच्या नजरेला पडायला नको, म्हणून काल अंधार पडताच मुकुंदने स्वतःच्या हातांनी खड्ड्याची कड फोडली. सगळं पाणी ओढ्यात गेलं. वाहून जाईल, त्याला वाटलं.

ते वाहूनच गेलं होतं. शेडकडून तकियाकडे, तिथल्या दगडी कुंडात, कुंडातून खाली सिदरामच्या बागेकडे, आणि तिथून डोहात.

“सिदराम येऊन गेला सकाळी,” बाबा म्हणाले.

मुकुंद दचकला. “काय म्हणाला?”

“काही नाही. त्या पायरीवर बसला होता बराच वेळ.”

“काहीच बोलला नाही?”

“जाताना म्हणाला, ड्रम मी तिथं धुतो हे खरं. पण या महिन्यात फवारणीच केली नाही.”

“मग त्यानं लोकांना तसं सांगावं ना.”

“सांगितलं.”

“मग?”

बाबांनी काट्यावर नख धरलं. “कुणी ऐकलं नाही.”

खालून मेंढरं गेल्याचा आवाज आला आणि विरला. मुकुंदने रुमालाने मानेचा घाम पुसला.

“मी जातो संध्याकाळी बैठकीला,” तो म्हणाला. “त्याच्या बाजूनं बोलतो. माझा शब्द मानतात लोक.”

“काय बोलशील?”

“की... की तो तसा माणूस नाही.”

“आणि लोक म्हणाले, मग कोण तसा आहे?”

मुकुंद रुमालाची घडी घालू लागला.

काटा निघाला होता. बाबांनी तो नीट बघितला, ओसरीखालच्या राखेत टाकला आणि भिंतीला धरून उठले.

“दुपारच्या नमाजाची वेळ झाली. चल, हातपाय धुतो.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? कुंडावर.”

मुकुंद उठून त्यांच्या वाटेत आडवाच आला. “बाबा, रांजणात पाणी असेल की. मी देतो काढून.”

“आहे रांजणात. पण मी रोज कुंडावर जातो.”

“आज ऊन फार आहे.”

“रोजच असतं.”

“तुमच्या पायात काटा होता आत्ता...”

“होता,” बाबा म्हणाले आणि चालू लागले.

तकियापासून कुंडाची वाट उताराची. बाबा एकेक दगड बघून पाय टाकत होते, मुकुंद मागून. दरवेळी त्याला वाटे, आता बोलावं. या चिंचेपाशी बोलू. त्या वळणावर बोलू. चिंच मागे पडली, वळण मागे पडलं. बाबा तोंडही धुतात का नुसते हातपाय, हे तो आठवू लागला. आठवलं. बाबा आधी हात धुतात, मग चूळ भरतात. आणि चूळ भरली की दोन घोट पितात, लहानपणापासून त्याने पाहिलं होतं.

“सरपंचांनी दवंडी दिली म्हणे,” बाबा पुढून म्हणाले. “आजपासून डोहावर कुणी जायचं नाही. गुरंढोरं कुंडावर न्यायची. कुंड बागेच्या वर आहे, तिथलं पाणी चांगलं.”

मुकुंद जागीच थबकला.

“कधी दिली?”

“आत्ता घटकाभरापूर्वी. तुला ऐकू आली नाही?”

त्याला ऐकू आली नव्हती. वाटभर तो आपल्याच विचारात आला होता.

कुंड आलं. चारी अंगांनी दगडी पायऱ्या, एका बाजूने ओढ्याचं पाणी आत येण्याची पन्हळ, दुसऱ्या बाजूने बाहेर जायची. पाणी रोजच्यासारखंच नितळ होतं. तळाचे दगड दिसत होते. त्या नितळपणाचीच मुकुंदला जास्त भीती वाटली. काल जे निळं त्याने सोडलं, ते यात कुठे आहे आणि किती आहे, हे कुणालाच दिसणार नव्हतं.

बाबा खालच्या पायरीवर उकिडवे बसले. बाह्या वर सारल्या. मनगटापर्यंत हात धुतले, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून पाणी फिरवत.

मुकुंद एक पायरी वर उभा होता. बोल, त्याने स्वतःला सांगितलं. बोल आता.

त्याने एक पाय खालच्या पायरीवर टाकला.

बाबांनी उजवा हात बुडवला, तळव्यात पाणी भरलं, आणि तोंडाकडे नेलं.

मुकुंदने झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

“बाबा, नको.”

पाणी बाबांच्या दाढीवर आणि कफनीवर सांडलं. ते हलले नाहीत. मुकुंदकडे बघत राहिले.

“का?”

“नको म्हणतो ना.”

“डाळिंबाचंच पाणी ना?”

“नाही...”

कुठेतरी टिटवी ओरडली. मुकुंदची पकड सुटत नव्हती.

“त्यात मोरचूद आहे,” तो म्हणाला. “हिरव्यासाठी घालतो. खड्डा भरला होता. उद्या माणसं येणार होती बघायला... मी काल फोडला.”

“हं.”

“ओढा वाहता होता, बाबा. मला वाटलं...”

मग मुकुंद बोलत सुटला, सगळं, उलटसुलट. चिठ्ठीवरचं वाक्य. हिरव्यासाठी येणारी मागणी. सकाळी डोहावर जाऊन, लांबूनच बघून परत फिरलो ते. एक मासा अजून तोंड हलवत होता ते. बाबांचं मनगट तो तसंच धरून होता, जणू ते सोडलं तर आपणच पाण्यात पडू.

“मी सांगणार आहे सगळ्यांना,” तो म्हणाला. “शपथेवर सांगतो. फक्त उद्याचा दिवस जाऊ दे. ती माणसं येऊन गेली की परवा मी स्वतः चावडीवर जाऊन सांगतो. बाबा, शेडमध्ये बाया आहेत कामाला. हणमाबाईची सून आहे, ती विडीकाम सोडून आलीय माझ्याकडे. त्यांनी काय करायचं? माझ्या एकट्याचं असतं तर...”

बाबा पलीकडे बघत होते.

मुकुंदनेही बघितलं. समोरच्या पायऱ्यांवरून कासरा धरून सिदराम लवटे उतरत होता. मागे त्याचा बैल. गावाने तोंड फिरवलेला माणूस गर्दी व्हायच्या आत पाणी पाजून जावं म्हणून भर उन्हात आला होता. त्याने या दोघांना पाहिलं आणि नजर खाली घातली. बैलाला पाण्याचा वास आला तसा तो पुढे ओढू लागला, शेवटच्या पायरीवर आला, मान खाली गेली...

“अण्णा,” मुकुंद म्हणाला. तो खाकरला. “अण्णा, बैल मागं घ्या.”

सिदरामने वर पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता, त्याच्यात राग नव्हता.

“आता कुंडावर पण बंदी हाय का मला, शेट?”

“तुम्हाला नाही...”

“मग?”

बैलाच्या नाकपुड्या पाण्यावर आल्या होत्या. पाण्यावर त्याच्या श्वासाची वर्तुळं उठली.

“पाणी खराब आहे,” मुकुंद म्हणाला. “माझ्या शेडचं पाणी आलंय त्यात. मासे माझ्यामुळे मेले, अण्णा. तुमच्यामुळे नाही.”

शब्द कुंडावरून पलीकडे गेले.

सिदरामने कासरा मुठीभोवती गुंडाळला आणि मागे ओढला. तहानलेला बैल ऐकेना. सिदरामने पायरीला पाय रोवला, सगळं अंग मागे टाकलं, आणि इंचाइंचाने त्याला पाण्यापासून तोडलं. बैल हंबरला.

वरच्या पायरीवर पोचल्यावर सिदराम वळला.

“सकाळपासून कुठं होतास तू?”

सिदरामला उत्तर नकोच होतं. तो बैलाला घेऊन गावाच्या दिशेने गेला. त्याची पाठ बाभळींच्या मागे दिसेनाशी होईपर्यंत मुकुंद बघत राहिला.

“आता गावात सांगेल तो,” मुकुंद म्हणाला.

“हं.”

“बैठक माझ्यावर होईल.”

“हं.”

“उद्याची माणसं दारातूनच परत जातील. शेड बंद पडेल. बाया माझ्या नावानं बोटं मोडतील.” तो बाबांच्या शेजारी पायरीवर बसला. “सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला तर अजून भीती वाटतेय, बाबा. जास्तच वाटतेय.”

बाबांनी वरच्या वाटेकडे मान वळवली.

“माझं काय होईल?”

वरच्या वाटेने घंटांचा आवाज येत होता. दवंडी ऐकून निघालेली गुरं टेकाडाच्या पलीकडे पोचली असावीत. बायांचं बोलणं, रिकाम्या कळशा एकमेकींवर आपटल्याचे आवाज, पोरांना हाका.

बाबांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. मुकुंदची बोटं अजून त्याच्याभोवती रुतलेली होती.

“माझा हात सोड,” ते म्हणाले. “पाण्यावर यायचे अजून पुष्कळ आहेत.”