चाकाखालचा दगड

नाव घेत नाही, पण कुणीतरी या पोराला लहानपणीच बजावलं होतं, “सांगितलं तेवढंच करायचं, डोकं चालवायचं नाही.” पुढचं सगळं पाप त्या माणसाचं.

तर एका गावात असा एक भोळा गुणवंत होता. गावाबाहेरच्या माळावर विमान-सुरक्षेची शाळा होती. तिथे मोडक्या विमानाचे तुकडे मुद्दाम विखरून ठेवत आणि मुलांनी अपघाताचं कारण शोधायचं. पास झालं की विमानतळावर नोकरी. नापास झालं की गुणवंत मामाच्या पिठाच्या गिरणीत.

पहिल्या दिवशी गुणवंतानं सगळे तुकडे गोळा केले, घासले, धुतले, नीट रचून ठेवले.

“अरे, पुरावा धुतलास!” खांबेटे सर किंचाळले. “पडलेल्याला हात लावायचा नाही. लांबून फोटो काढायचा!”

“बरं सर.”

दुसऱ्या दिवशी सर शिडीवरून पडले. गुणवंतानं लांबून फोटो काढला. चारी बाजूंनी.

“गाढवा! जिवंत माणूस दिसला की उचलायचा, दवाखान्यात न्यायचा!”

“बरं सर.”

तिसऱ्या दिवशी पहारेकरी धोंडूतात्यांना सरावासाठी खोटाखोटा साक्षीदार म्हणून बसवलं. तात्या जिवंत दिसले. गुणवंतानं त्यांना खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. कंपाउंडरनं इंजेक्शनही देऊन टाकलं.

“साक्षीदाराचं ऐकायचं असतं रे! शेवटपर्यंत! मध्ये न बोलता, जागचं न हलता!”

“बरं सर.”

मग चौथ्या दिवशी परीक्षा आली. एक मोठे पाहुणे येणार होते. वाऱ्यानं मांडव उडू लागला, तेव्हा सुरक्षेच्या शाळेनं शाळेच्या खऱ्या विमानाच्या चाकाखालचा दगड काढून मांडवाच्या दोरीला बांधला. पाहुण्यांची सुरक्षा आधी.

विमान उतारावरून निघालं. तात्यांनी धावत जाऊन शेपूट धरलं.

“गुण्या, पळ! मांडवात सर आहेत! त्यांना बाहेर काढ!”

तात्या शेपटाला लोंबकळत ओरडत राहिले. गुणवंत मान डोलावत शेवटपर्यंत ऐकत राहिला. शेवट मांडवात झाला.

पाहुणे नेहमीप्रमाणे उशिरा आले, म्हणून वाचले. आडव्या मांडवाखालून सर बोंबलत होते, “पाय मोडला! कुणीतरी काढा रे!”

“वा! काय हुबेहूब अपघात!” पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. “ओरडणंसुद्धा अगदी खरं!”

गुणवंतानं लांबून मांडवाचा फोटो काढला. मग जिवंत माणूस शोधला. मांडवाखालचे सर आणि तात्या काही दिसत नव्हते. पाहुणे दिसत होते. त्यानं त्यांना खांद्यावर टाकलं आणि धूम ठोकली.

“शाब्बास!” पाहुणे खांद्यावरून म्हणाले. “असा तत्पर मुलगा विमानतळावरच हवा. पास! पहिला नंबर!”

दवाखान्यात कंपाउंडरनं सुई भरता भरता पाहुण्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“काल पहारेकरी, आज पाहुणे,” तो म्हणाला. “ज्याला लागलंय त्याला कधी आणणार?”