आवृत्ती दहा आणि लाकडी बाहुली

डोंगरापलीकडे एक गाव होतं, आणि त्या गावात औषधांच्या पोथ्या उतरवून देणारी एक बाई होती. तिच्या हातून कधी एक काना चुकला नाही, असं लोक म्हणत. तिच्याकडे एक लाकडी बाहुली होती. कागदावर आज्ञा लिहून समोर ठेवली, की बाहुली ती तंतोतंत पाळायची.

एकदा गावच्या वैद्यबुवांनी खोकल्याच्या काढ्यात अडुळसा वाढवला. तिने उतरवलेल्या साठ पोथ्यांत तो बदल झाला. आता साठही पोथ्यांच्या पानापानावरचं 'आवृत्ती ९' पुसून 'आवृत्ती १०' करायचं होतं, म्हणजे नवी पोथी कुठली ते गावोगावी कळेल.

बाईने घाईघाईने आज्ञा लिहिली, 'दिसेल तो अंक एकाने वाढव.' दुपारपर्यंत काम झालं. वरच्या पोथीवर 'आवृत्ती १०' पाहून तिने पोथ्या गाडीत भरायला सांगितल्या.

"अर्ध्या दिवसात साठ?" वैद्यबुवा म्हणाले. "उद्या ही बाहुली नाडीही बघेल."

बाई लाजून हसली आणि मागे राहिलेली शेवटची पोथी सहज चाळू लागली. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. 'दुधात बिब्ब्याच्या तेलाचे थेंब ३.' काल तिथे २ होते. तिसऱ्या थेंबाला बिब्बा उततो, अंगभर फोड येतात.

"हे काय केलंस?" तिने हळूच विचारलं.

"तू लिहिलंस ते," बाहुली म्हणाली. "दोन हाही अंकच ना?"

बाहेर बैल जुंपून झाले होते. गप्प राहिलं तर आपलं नाव शाबूत राहील. पण तो तिसरा थेंब कुणाच्या दुधात पडेल? बाईने पोथी मिटली. ती अंगणात आली.

"गाडी थांबवा. पोथ्या चुकल्यात, माझ्या आज्ञेमुळे."

"किती?" वैद्यबुवांनी विचारलं.

"सगळ्या."

त्यांनी बैल सोडायला सांगितले. मग गाडीवर चढून स्वतःच गठ्ठे उतरवू लागले.

बाहुलीने आधी प्रत्येक अंक एकाने कमी केला. सगळं पूर्वीसारखं झालं. मग बाईने नवी आज्ञा लिहिली, 'आवृत्ती या शब्दापुढचाच अंक एकाने वाढव.' ती आधी एकाच पोथीवर चालवली. बाई आणि वैद्यबुवा दोघांनी ओळ न् ओळ वाचली. थेंब दोनच होते. मगच ती उरलेल्या पोथ्यांवर चालवली.

दुसऱ्या सकाळी गाडी निघाली. प्रत्येक गठ्ठ्यावर वैद्यबुवांची चिठ्ठी होती, 'पोथी या बाईंकडूनच घ्यावी. चूक झाली, तर आपणहून सांगतात.'

तात्पर्य: सांगकाम्याला नेमकं सांगावं, आधी एकावर करून पाहावं, आणि तरीही चुकलं, तर गाडी हलण्याआधी बोलावं.